आधी कढई तापू द्या

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या सौ. अंगणातल्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, पण स्वयंपाकघरात माझी मजल चहापलीकडे कधी गेली नव्हती. पहिले चार दिवस डबा आला, पुढचे चार दिवस खिचडी झाली, मग शेजारच्या वहिनींनी दोन वेळा आमटी-भात पाठवला. डॉक्टर म्हणत होते, हाड जुळायचे तर पोटात प्रथिने जायला हवीत. आणि इकडे सौ. चार घास खाऊन ताट सरकवीत होत्या. गालफडे दिसू लागली तेव्हा मला काळजी वाटली.

"काय खावंसं वाटतं?" म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, "अहो, त्या कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर मिळतं ना, चिकन, कोबी, सिमला मिरची घालून भर्रकन परतलेलं, तसं काहीतरी करा. पण विकत नका आणू. बाहेरचं खारट असतं आणि मला बीपीची गोळी चालू आहे."

आता यात काय अवघड आहे? भाजी चिरायची, कोंबडी चिरायची, परतायची. मी सगळे एकदम पॅनमध्ये घातले. पाच मिनिटांत पॅनमध्ये तळे झाले. कोंबडी त्या पाण्यात पांढरीफटक उकडली, कोबी मऊ पडला. पाणी आटवायला आणखी दहा मिनिटे लागली, तोवर कोंबडीचे रबर झाले होते. सौ.नी डाव्या हाताने दोन घास घेतले आणि म्हणाल्या, "चांगलं झालंय." चाळीस वर्षांच्या संसारानंतर या वाक्याचा अर्थ मला कळतो. पुन्हा ताट सरकले.

मग मात्र मी हट्टाला पेटलो. गाडीवरचा विशीतला पोरगा जे दोन मिनिटांत करतो ते मला का जमू नये? उत्तर शोधता शोधता लक्षात आले, की हा प्रश्न पाककृतीचा कमी आणि आठवीच्या पुस्तकातला जास्त आहे.

आपण म्हणतो, "भाजीला पाणी सुटलं." ते येते कुठून? कोबीत शंभर ग्रॅमला नव्वद ग्रॅमहून अधिक पाणीच असते. कच्च्या कोंबडीतही पाऊण हिस्सा पाणी. गरम झाल्यावर भाजीच्या पेशी फुटतात, मांसातली प्रथिने आकसतात आणि पिळल्यासारखे पाणी बाहेर येते. आता हिशेब असा. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणायला साधारण पंचाहत्तर कॅलरी उष्णता लागते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला पाचशे चाळीस कॅलरी लागतात. सातपट! यालाच आम्ही मास्तर लोक अप्रकट उष्णता म्हणतो, आणि मुले ती परीक्षेपुरती पाठ करून विसरतात. मीही विसरलोच होतो म्हणायचे.

आपल्या घरच्या गॅसच्या मोठ्या शेगडीची ताकद दोन किलोवॉटच्या आसपास धरा. त्यातली बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने निसटते. भांड्याला लागते त्या उष्णतेतून मिनिटाला फार तर तीस-पस्तीस ग्रॅम पाण्याची वाफ होऊ शकते. मी पॅनमध्ये घातले होते अर्धा किलो कोंबडी आणि तितकीच भाजी. त्यातून दीडदोनशे ग्रॅम पाणी सुटले असेल तर ते आटायला पाच-सहा मिनिटे हवीतच. आणि जोवर भांड्यात पाणी आहे तोवर त्याचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, शेगडी कितीही मोठी करा. म्हणजे मी परतत नव्हतोच, उकडत होतो.

शंभर अंशांचे एवढे काय? तर कांदा लालसर होतो, मटण भाजल्यावर खमंग वास सुटतो, भाकरीला डाग पडतात, ते सारे साधारण एकशेचाळीस अंशांच्या पुढे जोरात घडते. प्रथिनांचे घटक आणि साखर यांच्या संयोगातून शेकडो नवे सुगंधी पदार्थ तयार होतात. लुई-कामी मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली हे प्रथम मांडले, म्हणून त्याला मेयार प्रक्रिया म्हणतात. पाण्यात बुडालेल्या कोंबडीला हे भाग्य लाभत नाही.

गाडीवाल्याची भट्टी आपल्या शेगडीच्या दहापटीच्या घरातली असते, कधी त्याहूनही जोरदार. ती घरघर आवाज करते तो उगाच नव्हे. त्याच्या कढईत सुटलेले पाणी सुटता क्षणी वाफ होऊन जाते. आपल्याकडे ती भट्टी नाही आणि घरात ती आणण्याच्या भानगडीत कोणी पडूही नये. मग उपाय एकच. कढईत पडणारे पाणीच कमी करायचे. म्हणजे थोडे थोडे घालायचे, कोरडे घालायचे आणि कढई आधी पुरती तापवायची. पुढची सगळी कृती या तीन गोष्टींतच आहे.

आता थोडे मागे जाऊ. ही परतण्याची रीत चीनची. तिकडे तिला 'छाओ' म्हणतात. सहाव्या शतकातल्या 'छीमिन याओशू' या शेतीवरच्या चिनी ग्रंथात तेलात परतलेल्या अंड्यांची कृती सापडते. पण बराच काळ चिनी स्वयंपाकात उकडणे आणि वाफवणे यांचाच वरचष्मा होता. मिंग राजवटीत, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकात, परतण्याला खरी प्रतिष्ठा आली. जळण महाग होते, म्हणून जिन्नस बारीक चिरून झटपट शिजवण्याची ही युक्ती फैलावली असे सांगितले जाते. चिरायला वेळ लागतो, पण चिरण्याला लाकूड लागत नाही! इंग्रजीत जो 'स्टर-फ्राय' शब्द आज सगळे वापरतात तो बुवेई यांग चाओ या बाईंनी रूढ केला. त्या पेशाने डॉक्टर, जपानात शिकलेल्या. नवरा भाषाशास्त्रज्ञ. अमेरिकेत १९४५ साली त्यांचे चिनी स्वयंपाकावरचे पुस्तक निघाले, त्यात हा जोडशब्द आला.

आपल्याला मात्र नवा शब्द बनवावा लागला नाही. 'परतणे' आपल्याकडे पूर्वीपासून आहे. फक्त आपण परतल्यावर पुढे काय करतो पाहा. फोडणी झाली, भाजी टाकली, दोन वेळा उलथने फिरवले की लगेच झाकण. वर पाणी. भाजी वाफेवर शिजवायची. गवार, घेवडा, दोडका यांना ते योग्यच आहे. पण हे झाकणच चिनी रीतीचा शत्रू आहे. वर जाणारी वाफ झाकणाला लागून पुन्हा पाणी होऊन कढईत पडते. माझ्या पहिल्या प्रयत्नात मीही सवयीने झाकण ठेवले होते. सवय माझी नव्हे, आईला पाहून लागलेली.

आपल्याकडे हे खाणे आले ते कलकत्त्याच्या वाटेने. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे चिनी माणसे येऊ लागली. पुढे टांगरा भागात हक्का समाजाच्या लोकांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले आणि तिथेच त्यांच्या खानावळीही उभ्या राहिल्या. मुंबईतही चिनी वस्ती होती, माझगावात त्यांचे देऊळ आजही आहे. १९६२ च्या युद्धानंतर या लोकांचे फार हाल झाले. कित्येक कुटुंबांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले, बरेच जण देश सोडून गेले. जे राहिले त्यांनी केलेले जेवण मात्र गावोगावच्या चौकात पोचले. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात आले, लसूण, हिरवी मिरची अशा आपल्या वाटणात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून कोंबडीचे 'मंचुरियन' केले, असे सांगतात. मांचुरियाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आज लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या शेजारी गोबी मंचुरियन असते आणि शाळेबाहेर चायनीज भेळ मिळते. असो. आपण कढईकडे वळू.

भांडे कोणते घ्यावे? नॉनस्टिक पॅन या कामाला नको. त्याचा लेप साधारण दोनशे साठ अंशांच्या पुढे विघटू लागतो आणि त्याचा धूर फुप्फुसांना चांगला नाही. रिकामे नॉनस्टिक भांडे मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथवर पोचते. घराघरात जुनी लोखंडी कढई असते, बहुधा माळ्यावर टाकलेली. ती काढा. आमच्या माळ्यावर सासूबाईंची, म्हणजे सौ.च्या आईची कढई निघाली, तांबेऱ्याने भरलेली. घासून, चुलीवर, म्हणजे हल्ली गॅसवरच, कोरडी केली. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवली. असे चार-पाच वेळा केले की तेलाचा एक काळा, गुळगुळीत थर लोखंडावर पक्का बसतो आणि अन्न चिकटत नाही. बिडाची असली तरी चालते, फक्त तिला तापायला वेळ लागतो. पण एकदा तापली की ती उष्णता धरून ठेवते. आपल्या अशक्त शेगडीवर हा गुणच आहे. गोल बुडाची कढई शेगडीवर डगमगत असेल तर सपाट बुडाची घ्यावी.

मांसाचे काय? इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मला दोन-तीन जणांनी विचारले. आपले मटण, म्हणजे बोकडाचे, या रीतीला चालत नाही. त्यात स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे पुष्कळ असतात. ते विरघळायला मंद आचेवर तास-दीड तास किंवा कुकरच्या शिट्या लागतात. तीन मिनिटांत ते चामडेच राहणार. म्हणून तर आपण सुक्क्या मटणाला आधी हळद, आले-लसूण लावून शिजवून घेतो आणि मग परततो. गोव्यातली चिली-फ्राय ही कांदा-मिरचीबरोबर परतलेल्या मांसाचीच चीज, पण तिच्यातही चिवट मांस असले तर ते आधी शिजवलेलेच असते. थेट परतायचे तर बिनहाडाची कोंबडी घ्या किंवा कोळंबी. कोंबडीच्या छातीचे मांस लवकर कोरडे पडते, मांडीचे रसरशीत राहते. मी मांडीचे घेतो. शाकाहारी मंडळींनी पनीर किंवा अळंबी घ्यावी, अळंबीला मात्र पाणी फार, ती वेगळी परतून घ्यावी.

दोन-तीन माणसांना पाव किलो कोंबडी पुष्कळ झाली. ती नळाखाली धुऊ नका. हे ऐकून सौ.ही दचकल्या होत्या. पण धुण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, ताटांवर, कोशिंबिरीवर उडतात. जंतू मरतात ते आचेने. कापडाने किंवा कागदी रुमालाने नीट टिपून कोरडी करा. कोरडेपणाच तर हवा आहे आपल्याला. चिरायची पाटी आणि सुरी कोंबडीची वेगळी, भाजीची वेगळी. एकच असेल तर आधी भाजी चिरून घ्या, मग कोंबडी, आणि मग साबणाने घासा.

कोंबडी अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवली की किंचित घट्ट होते आणि पातळ काप छान पडतात. मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते पाहा आणि त्यांना आडवे कापा. धागे आखूड झाले की दाताला मऊ लागतात. काप पाव इंच जाडीचे, बोटाच्या दोन पेरांएवढे लांब.

आता त्याला एक लहान चमचा सोया सॉस, दीड लहान चमचा कॉर्नफ्लोअर, एक लहान चमचा तेल, चिमूटभर मिरपूड आणि एक मोठा चमचा पाणी चोळा. पंधरा-वीस मिनिटे ठेवा. गाडीवरची आणि हॉटेलातली कोंबडी इतकी लुसलुशीत का असते याचे उत्तर या कॉर्नफ्लोअरमध्ये आहे. साधारण पासष्ट-सत्तर अंशांना त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि प्रत्येक तुकड्यावर एक पातळ, निसरडे पांघरूण तयार होते. आतला रस आतच राहतो. बाहेरून ते पांघरूण खमंगही होते आणि शेवटी रस्सा त्यालाच धरून राहतो. काही आचारी चिमूटभर खाण्याचा सोडाही लावतात. त्याने मांस मऊ पडते हे खरे, पण जास्त झाला तर साबणासारखी चव लागते, आणि त्यातही सोडियम आहे. आमच्याकडे मी तो टाळला.

भाज्या कोणत्याही, पण कडक आणि मऊ वेगवेगळ्या ठेवाव्यात. मी एक गाजर, मूठभर फरसबी, एक कांदा, एक सिमला मिरची आणि वाटीभर कोबी घेतो. फरसबी उकळत्या पाण्यात दोन मिनिटे घालून काढायची, गार पाण्याखाली धरायची, पुसायची. गाजर तिरके, पातळ. कांद्याचे मोठे चौकोनी तुकडे करून पाकळ्या सुट्या करायच्या. कोबी किसायचा नाही, बोटाएवढ्या पट्ट्या करायच्या, कारण जितका बारीक चिराल तितक्या पेशी जास्त कापल्या जातील आणि तितके पाणी जास्त सुटेल. भाज्या धुतल्यावर चाळणीत निथळून कपड्यावर पसरायच्या. मीठ आधी लावायचे नाही. कोशिंबिरीला मीठ लावून काकडीला पाणी कसे सुटते, आठवते ना? तेच इथे होते.

मिठाचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबतो, कारण आमच्या घरी तोच खरा कळीचा होता. एक मोठा चमचा, म्हणजे पंधरा मिलिलिटर सोया सॉसमध्ये साधारण नऊशे मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसभरात सगळे मिळून दोन हजारांच्या आत राहावे. ते म्हणजे पाच ग्रॅम मीठ, एका लहान चमच्याहूनही थोडे कमीच. गाडीवर सोया सॉस बाटलीतून धारेने पडतो, वर चिली सॉस, वर मीठ, वर अजिनोमोटो. एका बशीत दिवसाचा कोटा संपला तर नवल नाही. घरी मी तीन माणसांना मिळून तीन लहान चमचे सोया सॉस वापरतो, आणि वेगळे मीठ अजिबात नाही. चव कमी पडते का? पडत नाही. लसूण, आले, मिरपूड, व्हिनेगरचा आंबटपणा आणि भाजलेपणाचा खमंगपणा यांनी जिभेला मिठाची आठवण होत नाही. बाटली घेताना तीवरचे बारीक अक्षर वाचा. सोयाबीन आणि गहू महिनोन् महिने आंबवून केलेला सॉस वेगळा, आणि आम्लाने प्रथिने फोडून कॅरॅमलचा रंग घातलेला वेगळा. दुसरा स्वस्त असतो आणि नुसताच खारट, कडवट लागतो.

आणि अजिनोमोटो? त्याच्याबद्दल आपल्याकडे भलतीच भीती आहे. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळे काढले. तीच चव पिकलेल्या टोमॅटोत असते, अळंबीत असते. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडते. तेव्हापासून हे नाव बद्दू झाले. पुढे कोणाला काय दिले हे लपवून चाचण्या केल्या, तेव्हा नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणात असा परिणाम सातत्याने दिसला नाही. त्यात सोडियम असते, पण मिठाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच. मी वापरत नाही, कारण मला गरज वाटली नाही. भीती म्हणून नव्हे.

शेवटी घालायचा रस आधीच वाटीत तयार ठेवा. दोन लहान चमचे सोया सॉस, एक लहान चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर आणि तीन मोठे चमचे पाणी. सगळे जिन्नस शेगडीशेजारी ओळीने मांडा. एकदा सुरू केल्यावर लसूण सोलायला जाता येत नाही. माझी सून पुण्याहून आली होती तेव्हा हे पाहून हसली. म्हणाली, "बाबा, प्रयोगशाळा मांडली आहे तुम्ही."

आता कढई मोठ्या आचेवर रिकामीच ठेवा. तेल नको अजून. खिडकी उघडा, पंखा लावा. घावने घालताना आपण तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून पाहतो तसाच मारा. थेंब चरचरून जागीच आटला तर थांबा. थेंबांचे मोती होऊन कढईत घरंगळू लागले की कढई तयार. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, ती त्याला उचलून धरते, म्हणून तो लगेच आटत नाही. तिथे तापमान दोनशेच्या आसपास असते. पाणी पूर्ण उडू द्या आणि मग एक मोठा चमचा शेंगदाणा तेल सोडा. दक्षिण चीनमध्येही परतायला शेंगदाणा तेलच घेतात, तेव्हा या बाबतीत आपल्याला परके काही शिकायचे नाही. फक्त रिफाइंड घ्या. घाण्याचे तेल चवीला छान, पण लवकर धुरावते.

तेल तापले की अर्धीच कोंबडी घाला. अर्धीच. हात आखडता घेणे फार कठीण जाते, मला माहीत आहे. तुकडे सुटे पसरा आणि पाऊण ते एक मिनिट त्यांना हात लावू नका. नाव जरी परतणे असले तरी सुरुवातीला न परतणे महत्त्वाचे. तुकडा खालून सोनेरी झाला की आपोआप कढई सोडतो. मग भराभर उलथा. दोन-अडीच मिनिटांत काढून ताटात घ्या. पुन्हा थोडे तेल, उरलेली कोंबडी. कच्च्या कोंबडीचे ताट वेगळे, शिजलेलीचे वेगळे, याची चूक करू नका.

तो गाडीवाला कढई उडवतो, ती नुसती ऐट नाही. जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या हंगतांग को आणि डेव्हिड हू या संशोधकांनी चिनी आचाऱ्यांची चित्रफीत घेऊन २०२० साली त्याचे गणित मांडले. आचारी सेकंदाला जवळजवळ तीन वेळा कढई हलवतो. भात वर उडतो, हवेत किंचित निवतो आणि पुन्हा तापल्या लोखंडावर पडतो. म्हणून भट्टी तितकी प्रखर असूनही अन्न जळत नाही. आपल्या शेगडीवर मात्र कढई उचलली की तेवढा वेळ आच वायाच जाते. तेव्हा कढई शेगडीवरच राहू द्या, उलथने चालवा. मी एकदा उडवून पाहिले. सिमला मिरचीचे तुकडे फ्रिजच्या मागे सापडले, ते तिसऱ्या दिवशी.

कोंबडी निघाल्यावर कढई पुन्हा तापवा. एक मोठा चमचा तेल, त्यात सहा पाकळ्या ठेचलेली लसूण, इंचभर आल्याच्या सळ्या, दोन हिरव्या मिरच्या. दहा सेकंद. लसूण तपकिरी झाली की कडू होते. लगेच गाजर, मिनिटाने फरसबी आणि कांदा, आणखी मिनिटाने सिमला मिरची, शेवटी कोबी. भाज्या जास्त असतील तर त्याही दोन वेळा करून घ्या. कढईचा आवाज ऐकत राहा. चरचर चालू आहे तोवर सगळे ठीक. आवाज मंदावून खदखद ऐकू येऊ लागली की समजा, पाणी जिंकत आहे. अशा वेळी घाबरून झाकण ठेवू नका, हलवतही बसू नका. भाजी कडेला सारून कढईचा मध्य मोकळा करा, तिथले पाणी आधी उडते.

आता कोंबडी परत आत. वाटीतला रस चमच्याने ढवळा, कारण कॉर्नफ्लोअर तळाशी बसलेले असते, आणि तो कढईच्या कडेने सोडा, मध्ये नाही. तापल्या कडेवरून उतरताना सोया सॉस क्षणभर चर्रकन जळतो आणि त्याचा खास वास सुटतो. गाडीच्या जवळून जाताना तोच वास आपल्याला थांबवतो. कॅन्टनचे लोक या धुरकट चवीला 'वॉक हेई' म्हणतात. घरच्या शेगडीवर ती पूर्ण येत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. रुपयात दहा-बारा आणे येते. अर्ध्या मिनिटात रस घट्ट होऊन चकचकीत दिसू लागतो. कोंबडीचा सगळ्यात जाड तुकडा फोडून पाहा, आत गुलाबी राहिलेला नको. तापमापक असेल तर चौऱ्याहत्तर अंश दिसायला हवेत. मग गॅस बंद, वर पातीचा कांदा, आणि लगेच ताटात. कढईत ठेवलेत तर भाजी शिजतच राहते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारा-तेरा मिनिटे होतात, त्याआधीची चिराचीर सोडून. ती मला पहिल्यांदा सव्वा तास लागली.

सोबत साधा गरम भात. आमच्याकडे एकदा पोळीबरोबरही खाल्ले, चांगले लागले. भात आदल्या दिवशीचा वापरणार असाल तर तो रात्री ओट्यावर राहिलेला नको. शिजल्यावर तासाभरात पसरून निववून फ्रिजमध्ये गेलेला हवा. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

दुसऱ्या प्रयत्नात कोंबडी बरी झाली, भाजी थोडी करपली. तिसऱ्यात भाजी बरी झाली आणि लसूण करपली. चौथ्या वेळी मी ताट नेऊन ठेवले आणि मुद्दाम वर्तमानपत्र उघडून बसलो. डाव्या हाताने चमचा चालू झाला. सौ. काहीच बोलल्या नाहीत. ताट रिकामे झाल्यावर म्हणाल्या, "अजून थोडं आहे का?" मी माझ्या वाटणीचे वाढले.

प्लॅस्टर निघाले त्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा परत घेतला. लोखंडी कढई काही माळ्यावर गेली नाही, शेगडीवरच राहिली. त्या संध्याकाळी त्यांनी तिच्यात फ्लॉवर-बटाटा परतला, आणि मी दारातून पाहत असताना, सवयीप्रमाणे वर झाकण ठेवून त्यात पाणी ओतले.